माटोळीचं पपनस खाण्याआधी गोळीची स्ट्रिप बघा

चतुर्थी झाली, माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची सजावट) उतरली की पपनस सोललं जातंच. पण ग्रेपफ्रूटसारखंच पपनसही काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. गोळी तेवढीच घेतली तरी तिचा परिणाम जास्त होतो.

आईच्या गोळ्यांसाठी मी असं करते:

१. स्ट्रिपवरचं ठळक ब्रँडचं नाव सोडायचं, त्याच्याजवळ छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचायचं. दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करायचा.

२. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिन, अ‍ॅटोरवास्टॅटिन, प्रेशरच्या फेलोडिपिन, निफेडिपिन, किडनी बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांपैकी काही असेल तर पपनस बाजूला ठेवायचं. यादी याहून मोठी आहे, म्हणून नाव यात नसलं तरी फार्मसीत स्ट्रिप दाखवून विचारायचंच.

३. बाहेर मिक्स ज्यूस घेताना ग्रेपफ्रूट आहे का, ते आधी विचारायचं.

‘गोळी रात्री, पपनस सकाळी’ ही पळवाट मात्र चालत नाही. मलाही आधी तसंच वाटायचं. पण एका ग्लास ग्रेपफ्रूट रसाचा परिणाम २४ तासांहून जास्त टिकू शकतो. पपनसाच्या मीठ-मिरची लावलेल्या फोडी समोर आल्या की आईचा हात जातोच, म्हणून तिच्या ताटलीत मी संत्रं किंवा मोसंबं ठेवते. त्यांचा असा त्रास नाही.

आणि पपनस खायचं म्हणून गोळी चुकवू नका. तिच्याऐवजी वेगळी गोळी चालेल का, ते डॉक्टरांनाच विचारा.