बागेसाठी हरकत नोंदवताय? या चुका टाळा

विकास आराखड्याचा, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या योजनेचा, मसुदा जाहीर झाला की पालिकेच्या आवक खिडकीवर अर्जांचा ढीग साचतो. त्यातले बरेच अर्ज कळकळीचे असतात आणि तरीही कामाचे नसतात. लोकांच्या म्हणण्याला वजनच नाही, असं मात्र कोणी समजू नये. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा मसुदा आला, त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा पुढच्या वर्षी आला. फक्त आपलं म्हणणं योग्य टेबलावर, मुदतीत आणि नकाशावर बोट ठेवता येईल अशा शब्दांत जायला हवं.

मोडक्या बाकाची तक्रार आराखड्यात

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. विकास आराखडा वीस वर्षांचा असतो. कोणत्या भूखंडावर बाग, कुठे मैदान, कुठे शाळा, एवढंच तो ठरवतो. झोपाळा तुटलाय, दिवे बंद आहेत, स्वच्छतागृहाला कुलूप आहे, या गोष्टी उद्यान विभागाच्या किंवा वॉर्ड ऑफिसच्या. त्या हरकतीत घातल्या तर ‘आराखड्याशी संबंधित नाही’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो.

मधला एक दरवाजाही आहे: अंदाजपत्रक. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. पायवाट, बाकं, ज्येष्ठांसाठी निवारा अशी कामं तिथे शोभतात. अर्ज बहुधा पावसाळ्याच्या शेवटी मागवतात आणि अंदाजपत्रक त्यानंतर काही महिन्यांनी येतं. डिसेंबरात जाग आली तर गाडी पुढच्या वर्षाची.

“आमच्या भागात बाग हवी”

हवी, मान्य. पण कुठे? सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (नगर भूमापन) नंबर नाही, नकाशाचा शीट क्रमांक नाही, आरक्षणाचा, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचा, क्रमांक नाही, असा अर्ज नियोजन खात्यातला माणूस कुठे लावणार? ‘मारुती मंदिरामागची मोकळी जागा’ आपल्याला ठाऊक असते, नकाशाला नाही.

त्याआधी आणखी एक काम, आणि ते बहुतेक जण करतच नाहीत: विद्यमान जमीन वापराचा, म्हणजे आज कुठे काय आहे ते दाखवणारा, नकाशा तपासणं. आपण थेट प्रस्तावित नकाशाकडे धावतो. पण आज जिथे बाग आहे ती विद्यमान नकाशातच निवासी किंवा रिकामी दाखवली असेल, तर पुढचा सगळा हिशेब त्या चुकीवर उभा राहतो. मुंबईच्या २०१५ च्या मसुद्यावर जो गदारोळ झाला त्यात अशा चुकांचा वाटा मोठा होता. तेव्हा बागेचे तारीख दिसणारे फोटो, पालिकेच्या पाटीचा फोटो आणि जुन्या आराखड्यातलं आरक्षण जोडा. भावनेपेक्षा ही तीन कागदं जड असतात.

सोसायट्यांच्या लेआउटमधली खुली जागा म्हणजे सार्वजनिक बाग नव्हे, हेही ध्यानात असू द्या. ‘आमच्याकडे तीन बागा आहेत’ म्हणणाऱ्या वस्तीत कधी कधी एकही बाग सगळ्यांसाठी उघडी नसते. तसंच बाग आणि मैदान ही वेगळी आरक्षणं आहेत. मैदानावर कारंजं आणि लॉन मागणारे अर्ज वाचले की मला क्रिकेट खेळणाऱ्या पोरांची कीव येते.

एकच मजकूर, पाचशे सह्या

छापील अर्जांवर सह्या गोळा करायला उत्साह लागतो, नाही म्हणत नाही. पण एकाच मजकुराच्या हरकती एकत्र बांधल्या जातात आणि मुद्दा एकच मोजला जातो. त्याऐवजी दहा जणांनी दहा वेगळी कारणं लिहावीत: शाळा किती लांब, मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, पावसाचं पाणी कुठे मुरतं, संध्याकाळी मुली कुठे खेळतात. सकाळी फिरायला येणारे काका-काकू हिरिरीने लिहितात. घरकाम करून दुपारी तासभर सावलीत टेकणाऱ्या ताईंना कोणी विचारत नाही. त्यांचं म्हणणं कागदावर उतरवायला कोणीतरी सोबत बसावं लागतं.

बाजूने न लिहिणं

याविषयी फार कमी बोललं जातं. आरक्षण योग्य जागी पडलेलं असेल तर आपण खूश होऊन गप्प बसतो. जमीनमालक मात्र गप्प बसत नाही. तो वकिलामार्फत आरक्षण उठवण्याची हरकत देतो. नियोजन समितीपुढे मग त्या भूखंडाची एकच बाजू येते. ‘हे आरक्षण कायम ठेवावे’ ही सुद्धा रीतसर सूचनाच आहे. ती जरूर द्या.

आणि सुनावणीला जा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २८ नुसार हरकती ऐकायला समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ तिच्यात असतात. बोलायला मिळतात मोजकी मिनिटं. त्यात नगरसेवकांविरुद्धच्या तक्रारींचा पाढा वाचू नये. भूखंड क्रमांक, मागणी, कारण, पुरावा, बस.

अडलं तर

पोच मिळाली नाही? आवक क्रमांकाशिवाय अर्ज दिलाच नाही असं समजा. दुसरी प्रत घेऊन परत जा आणि शिक्का मारून घ्या. ऑनलाइन दिला असेल तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

सुनावणीचं पत्र आलं नाही? एकत्रित अर्ज असेल तर ज्यांची पहिली सही त्यांच्या पत्त्यावर विचारा. तिथेही नसेल तर आवक क्रमांक घेऊन नगररचना विभागात जा, वेळापत्रक तिथे कळतं.

मुदत गेली? सगळं संपत नाही. समितीनंतर मसुद्यात मोठे बदल झाले तर ते पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध करावे लागतात. शासन मंजुरी देताना काही भाग वगळून त्यावर वेगळ्या हरकती मागवतं. मुंबईत २०१८ साली तसंच झालं. मंजुरीनंतर एखाद्या बागेचं आरक्षण बदलायचं ठरलं तर कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला महिन्याभराची मुदत असते. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक अक्षरात येते. वस्तीतल्या एकाने तेवढी पानं चाळायचं काम अंगावर घ्यावं.

आरक्षण आहे, बाग नाही? इथे कलम १२७ ची भीती. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस, म्हणजे ‘माझी जमीन विकत घ्या’ अशी सूचना, पालिकेला देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची ठोस पावलं टाकली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. नुसती पत्रापत्री म्हणजे पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं. मुंबईचा आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, म्हणजे त्यात नव्याने पडलेल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२८ मध्ये भरतात. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. तिथली तारीख त्याहून जवळ आहे. आपल्या भागातल्या बागांच्या आरक्षणांची यादी, प्रत्येकाची संपादनाची स्थिती आणि आलेल्या खरेदी नोटिसा माहितीच्या अधिकारात आत्ताच मागवा. उत्तर आलं की त्यातल्या ज्या भूखंडावर नोटीस पडली आहे तो आधी हातात घ्या, आणि पुढच्या अंदाजपत्रकात त्याच्या संपादनासाठी तरतूद मागा.