ट्रॅव्हल ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करताना: माझा अनुभव

पहिल्या हिवाळ्यानंतर माझ्या ट्रॅव्हल ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचा, पाण्याचा पंप सुरू केला, तेव्हा बाहेरच्या शॉवरच्या पेटीतून पाणी ठिबकू लागले. नळ उघडून पाहिला, तर त्याच्या प्लास्टिकला केसाएवढी बारीक, पण आरपार चीर गेलेली होती. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, आणि बंद नळात अडकलेले घोटभर पाणीही एवढे नुकसान करायला पुरेसे असते.

तेव्हापासून मी कामाचा क्रमच बदलला. वॉटर हीटर पूर्ण थंड झाल्यावर आणि आतला दाब सोडून दिल्यावरच त्यातले पाणी सोडण्याचे बूच (ड्रेन प्लग) काढतो. टाक्या रिकाम्या करून हीटरला वगळून पाणी पुढे नेणारा बायपास व्हॉल्व्ह फिरवतो, नाहीतर अँटिफ्रीझ (नळ्यांत भरायचे, सहज न गोठणारे द्रव) आधी हीटरच भरत बसते आणि बरेचसे वाया जाते. मग प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी अँटिफ्रीझ पंपाने खेचून, जवळच्या नळापासून सुरुवात करत, प्रत्येक नळाची गरम आणि थंड अशी दोन्ही तोंडे स्वच्छ गुलाबी धार येईपर्यंत उघडी ठेवतो. टॉयलेट आणि तो बाहेरचा शॉवरही आता सुटत नाही. इंजिनासाठीचे एथिलीन ग्लायकॉल विषारी असते, ते या नळ्यांत कदापि घालू नये. बेसिनखालच्या वाकड्या पाइपांतही पेलाभर अँटिफ्रीझ ओततो.

बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करून घरात आणतो, कारण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी शून्याखाली काही अंशांवरच गोठू शकते.