स्टॉक फोटोग्राफी: फोटोखालच्या दोन ओळी

प्रवासातले फोटो विकायचे म्हणून विचारायला येणारे बहुतेक जण सुरुवात कॅमेऱ्यापासून करतात. कुठला घेऊ, फुल फ्रेम हवाच का, लेन्स किती बाळगू. यावर माझं उत्तर फार छोटं असतं. शटरस्टॉक आणि ॲडोबी स्टॉक या फोटोंचा साठा ठेवून त्यांच्या वापराचे परवाने विकणाऱ्या एजन्सी; दोन्हीकडे फोटोची किमान अट 4 मेगापिक्सेलची आहे. तुमच्याकडचा कॅमेरा बहुधा याच्या कितीतरी पुढे गेलेला असेल. एखादी बरी झूम लेन्स, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलीत) काढायची सवय आणि शेवटी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतली जेपेग फाइल, एवढ्यावर काम सुरू होतं. खरी तयारी वेगळीच लागते आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. समोर जे दिसतंय ते नेमकं काय आहे, हे तुम्हाला सांगता येतं का?

कारण गिऱ्हाईक फोटो आधी शब्दांनी शोधतं, डोळ्यांनी नंतर. शाळेच्या पुस्तकाचं काम करणारी कुणी तरी खारफुटीची श्वसनमुळं शोधत असते, तीही ओहोटीच्या वेळची. दुसऱ्या कुणाला निवृत्तीवेतनावरच्या लेखासाठी फलाटावर सामान घेऊन बसलेलं वयस्क जोडपं हवं असतं. तुमच्याकडे हे दोन्ही फोटो असतील, पण खाली 'निसर्ग, झाड, पाणी, सुंदर' किंवा 'प्रवास, लोक, आनंद' एवढंच लिहिलं असेल, तर ते लाखो फोटोंच्या ढिगात कायमचे गाडले जातात. माझ्या खात्यातले वर्षानुवर्षं विकले जाणारे फोटो बघितले तर त्यात सूर्यास्त जवळपास नाहीच. गोदीतल्या क्रेनचे नीट नाव लिहिलेले भाग, पुराची पातळी दाखवणारी खांबावरची मोजपट्टी, रस्त्याखालून जाणाऱ्या जलवाहिन्यांची दुरुस्ती असली मंडळी तिथे बसली आहेत. घरच्यांना यातला एकही फोटो भिंतीवर लावावासा वाटणार नाही.

म्हणून जागेवरच नोंद करायची. फोटो काढून झाला की शेजारची पाटी, फलक, फाट्यावरचा दगड, संग्रहालयाच्या कपाटातली चिठ्ठी, बोटीच्या कठड्यावरचं नाव यांचाही एक-एक फोटो काढून ठेवा. विकायला नाही, आठवायला. फोनवर अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड केलं तरी चालतं: 'उत्तरेकडचा दरवाजा, दुरुस्ती चालू, बांबूची परांची.' कॅमेऱ्याचं घड्याळ नव्या ठिकाणी पोचताक्षणी तिथल्या वेळेवर लावा, नाहीतर मध्यरात्रीच्या आसपासच्या फोटोंची तारीखच चुकते आणि बातमीच्या वापरासाठी तारीख चुकीची असणं म्हणजे फोटो निकामी असणं. पक्षी, झाड, कीटक असेल तर शास्त्रीय नाव शोधा. मराठी-इंग्रजी नावं प्रदेशाप्रदेशात बदलतात, शास्त्रीय नाव टाकून शोधणारा गिऱ्हाईक मात्र काय हवं ते ठरवून आलेला असतो. खात्री नसेल तर जातीचं नाव ठोकून देऊ नका, कुळापर्यंतच थांबा. चुकीच्या नावापेक्षा मोघम नाव परवडलं.

ओळख चुकली तर काय होतं, याचं एक उदाहरण मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. 2010 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या टपाल खात्याने स्वातंत्र्यदेवतेच्या चेहऱ्याचं तिकीट काढलं. फोटो गेटी इमेजेस या एजन्सीच्या साठ्यातून, रीतसर परवाना घेऊन उचललेला. काही महिन्यांनी एका तिकीटसंग्राहकाच्या लक्षात आलं की हा न्यूयॉर्कच्या बंदरातला पुतळा नव्हेच; लास व्हेगासमधल्या एका हॉटेलाबाहेरची ती प्रतिकृती आहे. मूळ पुतळा 1886 चा, त्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. प्रतिकृती घडवणारा शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन मात्र हयात होता. त्याने दावा लावला आणि 2018 मध्ये कोर्टाने टपाल खात्याला 35 लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यायला लावली. दोन्ही चेहरे शेजारी ठेवले तर फरक दिसतो, पण तसे ते कुणी ठेवत नाही. फोटो निवडणारा माणूस पुतळा बघतो आणि पुढे जातो. 'कुठला पुतळा' हे जागेवर उभ्या असलेल्या माणसालाच सर्वात स्वस्तात कळतं.

कॅप्शनची रीत एकदा अंगवळणी पडली की त्रास होत नाही. एडिटोरियल, म्हणजे बातमी-लेखांत लागणाऱ्या, फोटोला शटरस्टॉकवर आधी शहर आणि देश, मग तारीख, मग एका वाक्यात काय चाललंय ते, असा साचा लागतो. हा साचा मी कमर्शियल, म्हणजे जाहिरातीच्या, फोटोंसाठीही माझ्या फाइलींत ठेवतो, जरी एजन्सीला तो नको असला तरी. तारखेचं महत्त्व काही वर्षांनी कळतं. पॅरिसच्या नोत्र दामचा मनोरा 15 एप्रिल 2019 च्या आगीत कोसळला आणि कॅथेड्रल पुन्हा उघडलं ते 2024 च्या डिसेंबरात. आता मनोरा दिसणारा, पण तारीख नसलेला फोटो जुना की नवा हे संपादकाला ठरवता येत नाही, आणि ज्याबद्दल ठरवता येत नाही तो फोटो तो घेत नाही. आगीआधीच्या अगदी साध्या, दुपारच्या कडक उन्हातल्या फोटोलाही निव्वळ तारखेमुळे किंमत आली. पूल, स्थानकं, बाजारपेठा, नदीकाठ यांचं हेच होतं, फक्त बातमी होत नाही.

कीवर्डच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात. एक तर पाच शब्द टाकून मोकळे होतात, नाहीतर जागा आहे म्हणून पन्नास भरतात. शटरस्टॉक 7 ते 50 कीवर्ड घेतं, ॲडोबी 49 पर्यंत, आणि ॲडोबीकडे क्रमालाही महत्त्व आहे. पहिले दहा शब्द सर्वात वजनदार. मी आधी काय आहे ते लिहितो, मग कुठे, मग काय चाललंय, आणि शेवटी तो फोटो कुठल्या विषयावर लागू शकेल ते: स्थलांतर, पाणीटंचाई, म्हातारपण, वाहतूक. चित्रात नसलेली गोष्ट कीवर्डात नको. लांबवर ठिपक्याएवढा डोंगर दिसतो म्हणून 'गिर्यारोहण' लिहिलं तर लोक फोटो बघून पुढे सरकतात, आणि बघून न घेतलेला फोटो पुढच्या शोधांत मागे पडत जातो असा माझा तरी अनुभव आहे.

आता हक्कांचा भाग. कंटाळवाणा वाटतो, पण पैसे इथेच अडकतात.

जाहिरातीत, पॅकिंगवर, प्रचारात वापरला जातो तो कमर्शियल फोटो. बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांत लागतो तो एडिटोरियल. कमर्शियलसाठी ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाची सही केलेलं मॉडेल रिलीज लागतं, खाजगी घर, खाजगी बाग किंवा कलाकृती असेल तर प्रॉपर्टी रिलीज. चेहरा दिसत नाही म्हणून सुटका नाही. गोंदण, ठळक पोशाख, चालण्याची ढब यावरूनही माणूस स्वतःला ओळखतो. अल्पवयीन असेल तर पालकाची सही. रिलीजचा फॉर्म त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत जवळ ठेवा आणि फोटो काढल्याबरोबर सही घ्या. निरोप घेऊन गेलेल्या माणसाला शोधून सही आणणं जवळपास अशक्य असतं. मागताना संकोच वाटतो, मलाही वाटतो. पण 'तुमचा फोटो एखाद्या जाहिरातीत दिसू शकतो, चालेल का' हे सरळ विचारल्यावर नाही म्हणणाऱ्याचा फोटो मुळात तिथे जायलाच नको.

इमारतींचं गणित आणखी गुंतागुंतीचं. आयफेल टॉवर दिवसा खुशाल विका. गुस्ताव्ह आयफेल 1923 मध्ये वारला, त्याच्या रचनेवरचा हक्क केव्हाच संपला. पण रात्रीची सोनेरी रोषणाई 1985 ची आहे, ती स्वतंत्र कलाकृती मानली जाते आणि व्यावसायिक वापराला परवानगी लागते. जर्मनीत रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढून विकायला कायद्याची मोकळीक आहे. मात्र 2003 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने व्हिएन्नाच्या हुंडर्टवासर हाउसच्या एका फोटोला ती मोकळीक नाकारली, कारण फोटो समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून काढलेला होता. रस्त्यावरच्या माणसाला तसं दृश्य दिसत नाही. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने ड्रोनने टिपलेल्या कलाकृतींनाही तेच लावलं. अमेरिकेत इमारतींना सूट आहे, पुतळ्यांना नाही, हे टपालाच्या तिकिटावरून लक्षात आलंच असेल. म्हणजे 'सार्वजनिक जागा आहे, काय बिघडतं' हे वाक्य प्रत्येक सीमेवर नव्याने तपासावं लागतं. मी निघण्याआधी त्या देशापुरता हा एक नियम शोधून ठेवतो आणि शंका असेल तर फोटो एडिटोरियलमध्ये टाकतो. तिथे ब्रँडची चिन्हं, पाट्या, गर्दी सगळं चालतं. फक्त चित्रातली एकही गोष्ट पुसायची किंवा वाढवायची नाही. रंग-उजेड थोडा सुधारला, कडा कापल्या, इथवर ठीक.

पैशाबद्दल कुणी गोड बोललं तर कान बंद करा. शटरस्टॉकवर 2020 च्या जूनपासून सहा पायऱ्या आहेत, फोटो काढणाऱ्याचा वाटा 15 ते 40 टक्के, आणि दर 1 जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. एका डाउनलोडमागे कमीत कमी 10 सेंट. ॲडोबी फोटोवर 33 टक्के देतं. सुरुवातीच्या वर्षात यातून कॅमेऱ्याचा हप्ताही निघत नाही, असंच धरून चाला. प्रवास स्टॉकच्या भरवशावर कधीच आखू नये. दुसऱ्या कामासाठी जायचं असेल तेव्हा सोबत स्टॉकचं काम करावं, किंवा राहतो त्याच परिसरात करावं. अमेरिकी एजन्सीकडे अमेरिकेबाहेरच्या माणसाने डब्ल्यू-8 बेन हा करफॉर्म भरून ठेवायचा असतो. दोन्ही देशांत करविषयक करार असेल तर कराची कपात कमी होते, आणि फॉर्मची मुदत सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेर संपते. ती तारीख कॅलेंडरात लिहून ठेवा, एजन्सीच्या ईमेलवर विसंबू नका.

काढताना काय पाहायचं? एकच दृश्य आडवं आणि उभं दोन्ही घ्या. मासिकाचं मुखपृष्ठ उभं असतं आणि संकेतस्थळाचा माथा आडवा. एका बाजूला मोकळं आकाश किंवा भिंत सोडा, मजकूर तिथे बसतो. फोटोस्पर्धेत अशी रिकामी जागा रचनेतला दोष ठरेल, इथे तिचेच पैसे मिळतात. प्रसिद्ध वास्तूकडे पाठ करून उभं राहून बघण्याची सवय लावा: तिकिटाची रांग, सफाई कामगार, अपंगांसाठीचा उतार, पाण्याचा नळ, पावसात छत्रीखाली थांबलेला गाइड. वास्तूचा समोरून काढलेला फोटो एजन्सीकडे हजारोंनी पडलेला असतो, तिथल्या कामकाजाचा क्वचितच. ऋतू आणि सणांचे फोटो मात्र आधीपासून चढवावे लागतात, कारण संपादक तीन-चार महिने पुढे जगत असतो.

नाकारलेल्या फोटोंचं दुःख करू नका. बहुतेक वेळा सेन्सरवरच्या धुळीचा डाग (एफ 16 सारख्या बारीक छिद्राला आकाशात लख्ख दिसतो), सावलीतला नॉइज म्हणजे दाणेदारपणा, सुटलेला फोकस किंवा कोपऱ्यातला ब्रँडचा शिक्का एवढंच कारण असतं. शंभर टक्के मोठा करून एकदा कडेकडेने नजर फिरवली की यातलं बरंचसं घरीच पकडता येतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा धंदा संपवला का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. गेटीने 2022 च्या सप्टेंबरात तिने बनवलेली चित्रं घेणं बंद केलं; त्याच वर्षअखेरीस ॲडोबीने लेबल लावण्याच्या अटीवर घ्यायला सुरुवात केली. धुक्यातला डोंगर, हसरी ऑफिसची मीटिंग, कॉफीचा कप या फोटोंची मागणी ओसरतेय, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण अमुक धरणाचे दरवाजे अमुक दिवशी किती उघडे होते, हे कुठलंही यंत्र बनवून देऊ शकत नाही. दिलं तर ते खोटं असतं आणि जबाबदार संपादकाला तेच टाळायचं असतं. ठिकाण, तारीख आणि नाव पक्कं असलेल्या फोटोचं स्थान त्यामुळे उलट घट्ट झालंय असं माझं मत आहे. याच्याशी असहमत असलेले जुने सहकारी आहेत आणि त्यांचे उत्पन्नाचे आकडे खरोखर घसरलेत, हेही सांगायला हवं. त्यातले बहुतेक जण स्टुडिओत काम करणारे.

प्रवासात रोज रात्री कार्डावरचे फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवा, त्यातली एक डिस्क कॅमेऱ्याच्या बॅगेत नको. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हाताच्या सामानात न्यायच्या असतात, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. बाकी सामानाबद्दल प्रत्येकाची पाठच सल्ला देईल.

सुरुवात करायला कुठे जायची गरज नाही. जुनी हार्ड डिस्क उघडा आणि एक फोल्डर घ्या. ज्या फोटोतलं ठिकाण, दिवस आणि चाललेलं काम तुम्हाला आजही एका वाक्यात लिहिता येतं, तेवढे बाजूला काढा. फाइलीत तारीख सापडते, जागा नकाशावर पडताळता येते, नाव विचारायला तिथलं कुणी तरी ओळखीचं असतं. उरलेले कितीही देखणे असले तरी पहिल्या खेपेला चढवू नका.