कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्याने गोपनीय सल्ला कसा हाताळावा?

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहान या औद्योगिक भागांतील एखाद्या कंपनीत पूर्णवेळ विधी अधिकारी म्हणून रुजू होताना बार कौन्सिलला कळवून सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करावी, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पगारी नोकराला वकिली करता येत नाही.

खरी अडचण यापुढची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले की, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मधील वकील-अशील गोपनीयतेचे संरक्षण अशा अधिकाऱ्याला नाही; मात्र कंपनीच्या विधी सल्लागाराशी (म्हणजे बाहेरच्या वकिलाशी) त्याने केलेल्या पत्रव्यवहाराला कलम १३४ चा आधार मिळू शकतो. म्हणून कामगार वाद किंवा करचौकशीसारख्या नाजूक प्रकरणात, व्यवस्थापकांना लांबलचक ईमेल लिहिण्याआधीच, नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्या स्वतंत्र वकिलांची लेखी नेमणूक करावी, वस्तुस्थितीचे टिपण त्यांच्याच नावे पाठवावे आणि त्यांचा सल्ला मोजक्या अधिकाऱ्यांपुरताच ठेवावा. नुसता ‘गोपनीय’ असा शिक्का मारून काही साधत नाही, तरी तो सर्रास मारला जातो. धंद्याविषयीचे मत आणि कायदेशीर मत एकाच पत्रात मिसळू नये. चौकशी सुरू झाल्यावर जुना पत्रव्यवहार मात्र मुळीच नष्ट करू नये. पुराव्यात येऊ नये म्हणून दस्तऐवज नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे.