जगनमोहनला जाण्याआधी

म्हैसूरला जाणारी बहुतेक मराठी माणसं बंगलोर-म्हैसूर-उटीच्या सहलीतून जातात, आणि त्या सहलीत जगनमोहन पॅलेसच्या, म्हणजे तिथल्या चित्रसंग्रहाच्या, वाट्याला येतो पाऊण तास. मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो. त्यातली पंधरा मिनिटं चपला ठेवण्यात आणि बसमधली डोकी मोजण्यात गेली, दहा एका घड्याळासमोर, आणि ज्या चित्रासाठी मी हट्टाने सहलीत नाव घातलं होतं ते मी पुढच्या दोघांच्या खांद्यांमधल्या फटीतून पाहिलं. दुसऱ्या खेपेला आईला घेऊन स्वतंत्र गेलो, तेव्हा आधी घरी बसून नीट तयारी केली होती. ती तयारी काय होती आणि आता पुन्हा गेलो तर त्यात काय वाढवीन, ते सांगतो.

सगळ्यात आधी कुठला राजवाडा ते पक्कं करा. 'म्हैसूर पॅलेस' म्हटलं की रिक्षावाला तुम्हाला अंबाविलासला, म्हणजे रविवारी संध्याकाळी जवळपास लाखभर दिव्यांनी उजळतो त्या मोठ्या राजवाड्याला नेऊन सोडणार. चित्रं तिथून थोड्याच अंतरावर जगनमोहनमध्ये आहेत. हा वाडा वयानेही थोरला. म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वडियार यांनी तो १८६१ मध्ये बांधून घेतला. १८९७ मध्ये घरच्या लग्नाच्या धामधुमीत जुना लाकडी राजवाडा जळाला आणि राजघराणं इथे राहायला आलं. नवा राजवाडा हेन्री आयर्विनच्या आराखड्यावर १९१२ मध्ये पुरा झाला. मधल्या काळात, १९०२ साली, चौथ्या कृष्णराजांच्या हाती कारभार सोपवण्याचा सोहळा इथेच झाला, त्याला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हजर होता. १९१५ पासून इथे चित्रसंग्रह आहे. पुढे त्याला जयचामराजेंद्र वडियारांचं नाव मिळालं.

हा इतिहास घोकून जायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की ही वास्तू मुळात घर आणि दरबार होती, चित्रांसाठी बांधलेली नव्हती. नव्या संग्रहालयात चित्र डोळ्यांच्या रेषेत असतं, दिवा बरोबर कोनात असतो, मध्ये बसायला बाक असतो. वाड्यात खिडकी असते तिथे असते, आणि तिचा उजेड समोरच्या काचेवर पडून चित्राऐवजी तुमचाच चेहरा दिसतो. भिंत उंच, म्हणून चित्रही उंच. जिना राजेशाही, म्हणून गुडघ्यांचे हाल. खालची निम्मी यादी याच एका कारणातून निघाली आहे.

निघायच्या आठवडाभर आधी फोन करून दालन उघडं आहे का ते विचारा. जुन्या वास्तूंची डागडुजी निघते तेव्हा कधी एखादा मजला, कधी सगळंच बंद असतं, आणि इंटरनेटवरची वेळ मात्र बिनधास्त 'चालू' दाखवत राहते. 'जगनमोहन उघडं आहे का' एवढंच विचारू नका, 'हळदणकरांचं दिव्याचं चित्र सध्या लावलेलं आहे का' असं विचारा (त्या चित्राबद्दल पुढे येईलच). दसऱ्याचे दहा दिवस आणि डिसेंबर-जानेवारीतले शाळांच्या सहलींचे दिवस टाळा. दसऱ्याचं म्हैसूर बघावंच, पण तो वेगळा प्रवास. चित्रांसाठी आडवार आणि सकाळची पहिली वेळ. दोन तास तरी हातात ठेवा, आणि बिसी बेळे भात चापून आत जाऊ नका. मी तो प्रयोग केलेला आहे. रविवर्म्याच्या अप्सरांसमोर जांभया देणं बरं दिसत नाही.

आता पिशवी. ती लहानच घ्या, कारण मोठी बाहेर ठेवावी लागण्याचीच शक्यता जास्त. कॅमेरा आणि मोबाइल आत वापरता येणार नाही असं धरून चला. यावर हळहळू नका, या संग्रहातल्या नावाजलेल्या चित्रांचे फोटो तुमच्याहून चांगले कुणीतरी काढून ठेवलेले आहेत. त्याऐवजी शंभर पानी वही आणि पेन्सिल. पेन नको, चित्रांच्या आसपास शाई नसलेलीच बरी. पायात पटकन निघणाऱ्या चपला, आणि शेजारच्या मोठ्या राजवाड्यातही जाणार असाल तर खिशात मोजे, कारण तिथे चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी बाहेरची फरशी भाकरीच्या तव्यासारखी होते. पाणी आत जाण्यापूर्वीच पिऊन घ्या. थोडे सुटे पैसे ठेवा.

चष्म्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. आईचा चष्मा दुहेरी भिंगांचा, वर लांबचं, खाली जवळचं. उंच टांगलेलं चित्र लांबून तिला छान दिसायचं. पण जवळ जाऊन नुसती नजर वर केली की जवळचं भिंग खाली राहायचं आणि वरच्या भिंगातून सगळं पुसट. मग ती हनुवटी छतापर्यंत नेऊन खालच्या भिंगातून बघायची. दहा मिनिटांत मान धरली. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्यांनी फक्त जवळचा असा वेगळा चष्मा असेल तर तो बरोबर घ्यावा. पक्षी बघायची छोटी दुर्बीण घरात असेल तर तीही. लोक बघतात, बघू देत. वरच्या रांगेतल्या चित्रातली जर, नथ, बोटांची नखं दुर्बिणीतून अशी समोर येतात की दुर्बीण शेजारच्याला द्यावीशी वाटते.

पिशवी झाली, आता डोक्यात काय न्यायचं ते. चित्रांखालच्या पाट्यांवर फार भिस्त ठेवू नका. घरूनच पाच चित्रांची नावं वहीत लिहून न्या. पाचच. वाड्यात बघण्यासारखं इतकं असतं, कोरीव दारं, भिंतींवरची दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं, तांदळाच्या दाण्यावरचं चित्रकाम, वाद्यं, की यादी नसेल तर माणूस वाडा बघून येतो आणि चित्रं राहून जातात.

माझ्या यादीत पहिलं होतं रविवर्म्याचं वादक स्त्रियांचं चित्र, 'गॅलेक्सी ऑफ म्युझिशियन्स'. अकरा बायका, प्रत्येकीचं नेसणं वेगळं, प्रांत वेगळा. आईने तिथे उभं राहून पाऊण तास (हो, सहलीचा अख्खा पाऊण तास!) कोण कुठली हे लुगड्यावरून आणि दागिन्यांवरून ओळखायचा खेळ केला. दुसरं, 'श्रीकृष्ण शिष्टाई', १९०६ चं, म्हणजे रविवर्मा गेला त्याच वर्षातलं. म्हैसूरच्या दरबाराने त्याला पुराणातल्या नऊ चित्रांचं काम दिलं होतं, त्यातलं हे. कौरवसभेत कृष्णाला धरायचं घाटत असताना सात्यकी तलवारीला हात घालतो आणि कृष्ण त्याला आवरतो, तो क्षण. जाण्यापूर्वी उद्योगपर्वातला तेवढा प्रसंग वाचून जा. मुलं बरोबर असतील तर त्यांना गोष्ट आदल्या रात्री सांगा आणि चित्रासमोर गप्प बसा, ती आपणहून कोण कोण ते शोधतात.

रविवर्मा आपल्याला आजीच्या देवघरातल्या छापील लक्ष्मी-सरस्वतीमुळे माहीत असतो. त्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापील चित्रांची सवय असल्यामुळे मूळ तैलचित्र पहिल्यांदा पाहिलं की ते काळपट वाटतं. घाबरू नका. एका जागी उभं राहून बघण्याऐवजी दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे सरका. काचेवरची चमक बाजूला होते आणि सावलीतला रंग वर येतो.

तिसऱ्या नंबरला म्हैसूर शैलीचं एखादं जुनं चित्र ठेवा. आपल्याकडे तंजावरची चित्रं जास्त माहीत, त्यांत सोन्याचं काम जाड, उठावाचं, खडे जडवलेलं. म्हैसूरचं काम पातळ, नाजूक. समोरून ते नुसतं पिवळं दिसतं, जरा तिरकं उभं राहिलात तर किरीटावरचा एकेक बारीक उठाव उजेड पकडतो. चौथं, गंजिफांचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचं, काही मांडलेलं दिसलं तर थांबा. हा वाडा बांधणाऱ्या तिसऱ्या कृष्णराजांना या खेळाचा भारी नाद होता. गंजिफा म्हटलं की आपल्याला सावंतवाडी आठवते, आणि पाचव्या चित्राचा चित्रकार सावंतवाडीचाच.

ते पाचवं चित्र म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप'. हातात दिवा धरलेली मुलगी, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीला जन्मले, मुंबईच्या जे. जे. त शिकले, १९०८ मध्ये त्यांनी स्वतःचा कलावर्ग काढला. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. पहिल्या खेपेला आमच्या बसबरोबरच्या माणसाने हे रविवर्म्याचं म्हणून ठोकून दिलं, आणि पन्नास जणांनी माना डोलावल्या. रविवर्मा जाऊन तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती! कुणी पुन्हा तसं म्हणालं तर वाद घालू नका, वहीत लिहिलेलं नाव आणि साल हळूच दाखवा.

या चित्रासाठी खास तयारी हवी ती डोळ्यांची. चित्र अंधाऱ्या जागेत आहे, आणि बाहेरच्या उन्हातून थेट तिथे गेलात तर पहिली दोन-चार मिनिटं काही धड दिसत नाही. म्हणून ते शेवटी ठेवा, आधी तासभर आतल्या उजेडात फिरा. आणि आत शिरण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी घोळवा. हे तैलचित्र नाही, जलरंग आहे. तैलरंगात शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका ठेवून ज्योत पेटवता येते. निव्वळ जलरंगात तो ठिपका म्हणजे कागदच, पहिल्यापासून जपून कोरा ठेवलेला. उजेड लावता येत नाही, फक्त राखता येतो, आणि त्याच्याभोवती अंधार थरावर थर देऊन चढवत न्यायचा. एक थर जास्त ओला पडला की संपलं. शाळेत ज्यांनी कधी जलरंगाच्या चित्राचा चिखल केला आहे त्यांना हे जास्त कळेल. आई बराच वेळ दिव्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती मुलीच्या आडोशाच्या हाताकडे. मग तिने स्वतःचा तळहात वर केला, बोटं जुळवली, आणि म्हणाली, "अशीच धरतो गं आपण वाऱ्याला." मी मुलगा आहे हे ती अशा वेळी विसरते.

एक युक्ती सांगतो. संग्रहात एक फ्रेंच घड्याळ आहे, ज्यात दर तासाला चिमुकल्या सैनिकांची कवायत निघते. चालू असलं तर तासाच्या ठोक्याला अख्खी गर्दी तिकडे धावते. घड्याळ बघायचंच असेल तर एका तासाला बघून घ्या, आणि पुढच्या तासाला पाच कमी असताना हळदणकरांच्या चित्रापाशी जाऊन उभे राहा. पाच-सात मिनिटं ती जागा तुमची.

म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर जिन्यांचा हिशेब आधी करा. वर काय आहे ते दारातच विचारून घ्या आणि वरचं आधी, खालचं नंतर असा क्रम लावा. गुडघे ताजे असतात तेव्हा चढून घ्यावं. बसायला मिळेल तिथे बसा, चित्र समोर असो वा नसो.

म्हैसूर जमत नसेल तर बडोदा आहे. तिथल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय राजघराण्यातल्या मुलांसाठी बांधलेल्या शाळेच्या इमारतीत आहे, आणि सयाजीरावांनी रविवर्म्याकडून करून घेतलेली चित्रं तिथे बघायला मिळतात. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येतं. वही, जवळचा चष्मा, दुर्बीण, पाच नावं ही तयारी तिथेही तशीच लागू. फक्त नावं बदला.

आणि बाहेर आल्यावर लगेच मैसूरपाकाच्या दुकानाकडे पळू नका. आवारातच कुठेतरी सावलीत दहा मिनिटं टेका आणि पाचही चित्रांपुढे एकेक ओळ लिहून काढा, आठवतंय तोवर. आईच्या वहीत दिव्याच्या चित्रापुढे एवढंच आहे: "साडी जांभळी. बांगड्या बघायच्या राहिल्या."