एलायझाची प्लेट फसली? किटला दोष देण्याआधी या चुका टाळा

पाऊस ओसरला, गच्चीवरच्या कुंड्यांखाली पाणी साठलं, की बडोद्यात डेंग्यूचे दिवस सुरू होतात. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांचे मला येणारे फोनही तेव्हाच वाढतात. एलायझा म्हणजे रक्तातलं ठरावीक प्रथिन किंवा अँटिबॉडी रंगावरून ओळखणारी चाचणी; ती छोट्या खळग्यांच्या, म्हणजे वेलच्या, प्लास्टिक प्लेटवर करतात. गेल्या सप्टेंबरात रात्री नऊच्या सुमारास एका विद्यार्थिनीचा फोन आला. "ताई, अख्खी प्लेट कोरी. पॉझिटिव्ह कंट्रोललाही (ज्याला रंग यायलाच हवा त्या नमुन्याला) रंग नाही. किटच खराब आलंय, दुसरं मागवू का?"

म्हटलं, थांब. आधी उरलेल्या कॉन्ज्युगेटचा (पेरॉक्सिडेज हे विकर जोडलेल्या अँटिबॉडीचा) एक थेंब रिकाम्या ट्यूबमध्ये घे आणि त्यात टीएमबी (त्या विकरामुळे निळं होणारं रसायन) घाल. लगेच गडद निळा रंग आला. म्हणजे कॉन्ज्युगेटवरचं पेरॉक्सिडेज शाबूत होतं, टीएमबीही ठीक. मग तिनं कॉन्ज्युगेटमध्ये आधी वॉश बफर (प्लेट धुण्याचं द्रावण) मिसळला आणि नंतर टीएमबी घातलं. या वेळी निळा रंग जेमतेम उमटला. बफरची ती बाटली जुन्या बॅचची होती आणि बुरशी येऊ नये म्हणून कुणीतरी तिच्यात सोडियम अझाइड घातलं होतं. अझाइड जंतूंना थोपवतं, तसंच पेरॉक्सिडेजलाही बंद पाडतं. बाटलीवर तारीख होती, अझाइडचा उल्लेख नव्हता.

२२ वर्षं प्रॅक्टिकल घेतल्यावर माझं ठाम मत झालं आहे. बिघाडाचं मूळ किटच्या खोक्यात क्वचितच असतं. ते बाटल्यांत असतं, खोलीच्या हवेत असतं, आणि सगळ्यांत जास्त वेळा रक्त काढल्यापासून नमुना प्लेटवर येईपर्यंतच्या तासांत असतं.

तापाचा दिवस न लिहिणं

ही चूक मी सर्वांत आधी सांगते, कारण ती नंतर कुठल्याही यंत्रानं भरून काढता येत नाही. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ हे प्रथिन ताप आल्यावर पहिल्या दिवसापासून रक्तात सापडू लागतं. आयजीएम (संसर्गानंतर शरीर आधी बनवतं ती) अँटिबॉडी साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागते. म्हणून पहिल्या पाच दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम अशी आपल्याकडची पद्धत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं मॅक-एलायझा किट याच आयजीएमसाठी असतं. आता समजा, फॉर्मवर फक्त "ताप, डेंग्यू?" एवढंच लिहिलंय आणि आयजीएम निगेटिव्ह आलं. रुग्णाला डेंग्यू नाही, की नमुना दुसऱ्या दिवसाचा आहे? प्लेट याचं उत्तर देऊ शकत नाही.

दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांमध्ये गुंता आणखी वाढतो. अशा माणसात आयजीजी (एरवी उशिरा येणारी अँटिबॉडी) फार लवकर आणि जोरात वर येते, एनएस१ला चिकटून बसते, आणि मोकळं एनएस१ शोधणारी चाचणी निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते. आयजीएम मात्र अशा वेळी कधी कधी फिकीच राहते. विद्यार्थी मग "विषाणू कमी, आजार सौम्य" असा निष्कर्ष काढतात. दुसऱ्या संसर्गातच आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे हा निष्कर्ष नुसता चुकीचा नाही, उलटा आहे.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: रुग्णाला जपानी मेंदूज्वराची लस दिली आहे का? डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वर हे एकाच कुळातले विषाणू. एकाविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी दुसऱ्याच्या प्रथिनालाही धरते. शंका असेल तर १०-१४ दिवसांनी दुसरा नमुना घ्या. दोन्ही नमुने एकाच प्लेटवर, एकाच दिवशी लावा. अँटिबॉडीचं टायटर (प्रमाण) चौपट चढलं असेल, तर त्याला अर्थ आहे.

रूम टेम्परेचर म्हणजे कुठली रूम?

किटच्या कागदावर रूम टेम्परेचर लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा २० ते २५ अंश असतो. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२च्या वर जातो. एसी बंद असलेल्या खोलीत तासाभराचं इन्क्युबेशन (क्रिया होण्यासाठी प्लेट ठेवून देणं) म्हणजे कागदावर लिहिलेला प्रयोग उरतच नाही. विकराची क्रिया वेगानं होते, पार्श्वभूमीचा रंग चढतो, आणि जानेवारीतल्या प्लेटशी मेमधल्या प्लेटची तुलना करणं व्यर्थ ठरतं.

याच्या उलट चूकही सर्रास होते. फ्रिजमधून काढलेली प्लेट आणि थंड रिएजंट तसेच वापरले, की कडेच्या वेल आधी तापतात आणि मधल्या मागे राहतात. रीडिंगमध्ये कडेची चौकट उठून दिसते. अर्धा तास सगळं बाहेर ठेवा, प्लेटा एकावर एक रचू नका, प्लेट झाका, एसीच्या झोताखाली ठेवू नका. आणि प्रत्येक प्रयोगाच्या वहीत खोलीचं तापमान लिहा. भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो.

सीरम, प्लाझ्मा आणि लाल झालेला नमुना

अर्ध्या रुग्णांचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) आणि अर्ध्यांचा ईडीटीए प्लाझ्मा (रसायन घालून गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) घेऊन सायटोकाइनची (पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक प्रथिनांची) तुलना केलेली मी पाहिली आहे. असं कधीही करू नका. रक्त गोठताना प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्यातली टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफसारखी प्रथिनं सीरममध्ये येतात. मग ती आजारामुळे वाढली की गोठण्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. डेंग्यूत तर प्लेटलेटच कमी झालेल्या असतात, म्हणजे फरक आणखी दिशाभूल करतो.

नळीतल्या पेशी रक्त काढल्यावरही जिवंत असतात. त्या सायटोकाइन सोडत राहतात, शोषतही राहतात. सकाळी काढलेलं रक्त दुपारी जेवणानंतर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, तर तुम्ही रुग्णाचा सकाळचा प्रतिसाद मोजत नसून नळीचा दुपारचा प्रतिसाद मोजता. सीरमसाठी अर्धा ते एक तास गोठू द्या, लगेच फिरवा, आणि सगळ्या नमुन्यांना तोच वेळ द्या.

नमुना लालसर दिसला तर नोंद करा. हिमोग्लोबिन स्वतःच थोडंफार पेरॉक्सिडेजसारखं वागतं आणि खोटा रंग देऊ शकतं.

शून्य लिहिण्याची घाई

स्टँडर्ड कर्व्हचा (प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवरून काढलेल्या आलेखाचा) आकार लांबट एस सारखा असतो. त्यावर पट्टीनं सरळ रेषा ओढली की दोन्ही टोकांची उत्तरं बिघडतात. फोर-पॅरामीटर फिट (एस आकाराला जुळणारं गणिती समीकरण) वापरा. सर्वांत खालच्या स्टँडर्डच्याही खाली आलेल्या नमुन्यापुढे ० लिहू नका, "मोजण्याच्या मर्यादेखाली" असं लिहा. हे दोन्ही वेगळे आहेत, आणि सरासरी काढताना हा फरक महागात पडतो.

फार जास्त प्रथिनामुळेही उत्तर खोटं कमी येऊ शकतं. सँडविच चाचणीत (जिथं प्रथिन दोन अँटिबॉडींच्या मध्ये धरलं जातं) प्रथिन कधी कधी इतकं असतं की पकडणाऱ्या आणि शोधणाऱ्या दोन्ही अँटिबॉडी स्वतंत्रपणे भरून जातात आणि सँडविच जुळतच नाही. गंभीर आजारी माणसाचा आकडा संशयास्पद कमी आला, तर तोच नमुना १० पट आणि १०० पट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर उत्तर वाढलं, तर पहिला आकडा खोटा होता.

ब्लॉटवरचा तो ५० किलोडाल्टनचा पट्टा

एका मुलानं मोठ्या आनंदानं मला ब्लॉट (जेलवर वजनानुसार वेगळी करून पटलावर उतरवलेली, अँटिबॉडीनं ओळखलेली प्रथिनं) दाखवला होता. रुग्णाच्या सीरममध्ये एनएस१, अगदी ठसठशीत पट्टा. निरोगी माणसाची लेन त्यानं लावलेलीच नव्हती. आठवडाभरानं लावली, तर तिथंही तोच पट्टा. एनएस१चा एक घटक साधारण ४६ ते ५५ किलोडाल्टनचा (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) असतो, आणि माणसाच्या आयजीजीची जड साखळी ५०ची. त्याची उंदराविरुद्धची दुय्यम अँटिबॉडी (उंदरापासून बनवलेल्या पहिल्या अँटिबॉडीला धरून पट्टा दाखवणारी) मानवी आयजीजीलाही धरत होती. सोबत २५च्या आसपास हलक्या साखळीचा पट्टाही दिसत होता, तोच खरा इशारा होता. मानवी प्रथिनांविरुद्ध गाळून घेतलेली दुय्यम अँटिबॉडी वापरा, आणि एक पट्टी पहिल्या अँटिबॉडीशिवाय चालवा. फुकटचा कंट्रोल आहे.

सीरम थेट जेलवर चढवू नका. त्यात दर मायक्रोलिटरला ६० ते ८० मायक्रोग्रॅम प्रथिन असतं आणि एका लेनला २०-३० पुरे होतं. त्यातला निम्म्याहून अधिक भाग अल्ब्युमिनचा असल्यानं ६६च्या जागी फुगलेला ढग येतो आणि शेजारचे पट्टे वाकतात. पेशींच्या नमुन्यात, सगळ्या लेन सारख्या भरल्या का हे पाहायला वापरतात त्या अ‍ॅक्टिनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. संसर्गानं पेशीचा सांगाडाच बदलतो, मग अ‍ॅक्टिन स्थिर कसं राहील? पोन्सोनं (सगळी प्रथिनं दाखवणाऱ्या लाल रंगानं) पूर्ण पटल रंगवून फोटो काढून ठेवा. त्याच फोटोत जेलवरून पटलावर ट्रान्सफरच्या वेळी अडकलेले हवेचे बुडबुडेही दिसतात.

मास स्पेक्ट्रोमेट्रीबद्दल (प्रथिनं वस्तुमानावरून ओळखण्याच्या पद्धतीबद्दल) थोडक्यात. प्लाझ्मातल्या प्रथिनांच्या वजनापैकी सुमारे ९९ टक्के वाटा वीस-बावीस प्रथिनांचाच असतो. बाकीची दिसावीत म्हणून अल्ब्युमिन काढून टाकलं की त्याला चिकटलेली लहान प्रथिनंही जातात, हे अहवालात लिहा. शोधाच्या डेटाबेसमध्ये माणसाबरोबर विषाणूची प्रथिनंही घाला, नाहीतर विषाणू समोर असून सापडणार नाही. आणि मालडी-टॉफवर (जंतू ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) ई. कोलाय आणि शिगेला हे जवळचे नातलग जंतू वेगळे ओळखता आल्याचा दावा कुणी केला, तर दुसऱ्या चाचणीनं खात्री करून घ्या.

अँटिबॉडी दिसली म्हणजे आजार आहे, असं नाही

क्षयरोगाचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगते. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय ओळखणारी किटं आपल्या देशात वर्षानुवर्षं विकली गेली. उत्तरं इतकी अविश्वसनीय होती की जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये ती वापरू नका असं सांगितलं आणि भारत सरकारनं २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. चाचणी रासायनिकदृष्ट्या बरोबर चालत होती. वेलमध्ये रंग येत होता, पण त्या रंगावरून आजार ओळखता येत नव्हता. त्यापायी किती माणसांनी विनाकारण औषधं घेतली असतील आणि किती खऱ्या रुग्णांना घरी पाठवलं गेलं असेल, या विचारानं मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आज इंटरफेरॉन-गॅमा मोजणारी चाचणी वापरतात. ती बीसीजीमुळे फसत नाही, कारण तिच्यातली ईएसएटी-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नाहीत. पण सुप्त संसर्ग आणि चालू आजार यांतला फरक तीही सांगत नाही. शिवाय तिला जिवंत पेशी लागतात. उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीतून आलेल्या नळ्यांत मायटोजेन कंट्रोलच (पेशी जिवंत असतील तर हमखास प्रतिसाद देणारी नळी) वर येत नाही. त्याचा अर्थ निकाल अनिर्णित असा होतो. निगेटिव्ह नव्हे.

फ्रीझर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, कित्येक भागांत लाइट गेली. तेव्हापासून मी प्रत्येक फ्रीझरमध्ये गोठलेल्या पाण्याची वाटी ठेवायला सांगते, वर एक नाणं. परत आल्यावर नाणं बर्फात रुतलेलं किंवा तळाशी दिसलं, तर मधल्या काळात वितळलं होतं. पारा उणे ८०वरून उणे १०पर्यंत चढून परत उतरला असेल, तर मात्र वाटीवरून कळत नाही. त्यासाठी तापमान नोंदवणारा लॉगर हवा. नाणं तळाशी गेलं, तर नमुने लगेच फेकू नका आणि गप्पही बसू नका. त्यांवर "एकदा वितळले" असं लिहा. अँटिबॉडी चिवट असतात, त्यांच्या चाचणीला ते बहुधा चालतील. सायटोकाइनच्या यादीतून मात्र ते काढा, आणि पुढच्या वेळी प्रत्येक नमुना पहिल्याच दिवशी छोट्या-छोट्या चार नळ्यांत वाटून ठेवा.