जुना मदरबोर्ड दुरुस्त करताना या चुका टाळा

बोर्ड गेलाय असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, काय मोजलंत? उत्तर ठरलेलं असतं: रॅम बदलून पाहिली, प्रोसेसर बदलून पाहिला. मल्टिमीटर पिशवीतून बाहेरच आलेला नसतो.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय, तपासताना हिरवी वायर काळीला जोडतात, पंखा फिरला की पॉवर चांगली म्हणून मोकळे होतात. त्यानं काहीच सिद्ध होत नाही. बोर्ड जोडून, मशीन चालू ठेवून कनेक्टरच्या मागून मल्टिमीटरचा प्रोब घाला. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. लोड न देता १२.१ दाखवणारा सप्लाय लोड आल्यावर १०.८ वर बसलेला मी पाहिलाय.

पण मला खरा त्रास होतो तो कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे नळकांड्यासारखे भाग, उपटणाऱ्यांचा. साधारण १९९९ ते २००७ च्या कित्येक बोर्डांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या द्रवाचे) कपॅसिटर बसले होते. प्रोसेसरजवळ डोकं फुगलेले दिसतात ते हेच. एकानं असाच बोर्ड आणला. फुगलेले दोनच होते, अर्ध्या तासाचं काम. त्यानं २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं सुरुवात केली. ग्राउंडचा तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेत होता, सोल्डर वितळेना, म्हणून पकडीनं हलवून ओढला. पायाबरोबर भोकातली तांब्याची नळीच बाहेर आली आणि आतल्या थराशी असलेला संबंध तुटला. दोन संध्याकाळी मी वायरी टाकत बसलो. बोर्ड वाचला नाही. मूळ दोषानं तो मेला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी ६० वॉटचं आयर्न आणि रुंद टिप वापरतो. जुन्या सांध्यावर आधी थोडं नवीन, शिसं असलेलं सोल्डर चढवतो, मग एक पाय तापवून कपॅसिटर किंचित कलता करायचा, मग दुसरा. निघत नसेल तर आणखी सोल्डर. जोर कधीच नाही.

काढण्याआधी फोटो घ्या. कपॅसिटरवरचा पट्टा म्हणजे निगेटिव्ह, पण बोर्डावरची रंगवलेली बाजू सगळीकडे निगेटिव्ह नसते. काही बोर्डांवर ती नेमकी उलटी असते. बदली कपॅसिटर कमी ईएसआरचा (म्हणजे आतला रेझिस्टन्स कमी असलेला), १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा, त्याच मायक्रोफॅरडचा घ्या. व्होल्टेज तितकंच किंवा जास्त. हाताशी आहे म्हणून साधा लावू नका, तो तिथे टिकत नाही.

प्रोसेसरजवळच्या कॉइलवर मल्टिमीटरचा बझर वाजला की लगेच शॉर्ट म्हणू नका. तिथला रेझिस्टन्स मुळातच कमी असतो. प्रोसेसर काढून पुन्हा मोजा.

बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खांब) चुकीच्या जागी राहून शॉर्ट करतोय का, बघा.

बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल तीन व्होल्टच्या खूप खाली असेल तर आधी तो बदला. काही जुने बोर्ड मेलेल्या सेलवर चालूच होत नाहीत.